परसातला वसंत आणि आजीचे ठोकताळे

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुण्यातल्या भाच्याचा फोन आला. "मावशी, आंबा मोहोरला काय गं? फोटो टाक की." पोरगा आयटीत आहे, बाराव्या मजल्यावर राहतो, पण बोलण्यातला 'की' अजून सुटलेला नाही. बेळगावचं माणूस कुठंही गेलं तरी त्या 'की'वरून सापडतं. मी परसात गेले, फोटो काढला, पाठवला. दोन मिनिटांत पुढचा प्रश्न आला: "झकास आलाय की! मग यंदा पाऊस कसा? पणजी मोहोर बघून सांगायची नव्हं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजी सांगायची हे खरं. पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यानं आमच्या घरातल्या सगळ्या ठोकताळ्यांची अशी फजिती केली होती, की आजीचं नाव घेऊन काही सांगायचं माझं धाडस होईना. त्यानंतर पंधरा दिवस मी परसात जरा जास्तच रेंगाळले. जुन्या म्हणी आठवल्या, दोन-चार जाणत्या माणसांना विचारल्या. पाडव्याच्या तोंडावर ते सगळं तुमच्यापुढं ठेवते. तुमच्यापैकी जे बेळगाव-निपाणी सोडून पुण्या-बंगळुरात स्थायिक झालेत, त्यांना यातलं निम्मं आठवेल. ज्यांचा जन्मच तिकडचा, त्यांनी आपल्या आजीला विचारून बघावं.

शहापुरातलं आमचं घर जुनं, रस्त्याला अरुंद आणि मागं लांबलचक. मागच्या दारी आड, धुण्याचा दगड, एक आंबा, एक फणस, शेवगा, कडुनिंब, कढीपत्ता आणि भिंतीला लागून मोगरा. याला कोणी बाग म्हटलं असतं तर आजी हसली असती. तिच्या लेखी ते परसू. बाग म्हणजे कॅम्पातल्या बंगल्यांपुढं असते ती.

आमच्याकडं वसंताची पहिली खूण फुलांची नसते, केरसुणीची असते. माघ सरत आला की परसातली पानं झाडून झाडून हात दुखतात. शाळेत आम्हाला पानगळ शिकवली ती थंडी सुरू होतानाची, कारण धड्यातली झाडं परदेशातली. आपली झाडं पानं टाकतात ती थंडी संपताना, आणि जुनं पान पडतं न पडतं तोच शेजारी नवं डोकावतं. पिंपळाकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा नीट बघा. कोवळं पान तांबूस, इतकं पातळ की ऊन आरपार दिसतं. आठवडाभरात ते पोपटी होतं आणि मग हिरवं. टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोच्या झाडीतून सकाळी फिरायला जाणारे लोक हे रोज बघतात आणि तरी बघत नाहीत. मीही त्यातलीच होते.

मग आवाज सुरू होतात. तांबट दिसत नाही, पण दुपारभर त्याची टुकटुक चालू असते, कुणी दूर बसून भांडं ठोकतंय असं वाटतं. कोकिळेचं म्हणाल तर गातो तो नर, काळाभोर. मादी ठिपक्याठिपक्यांची आणि तिचा आवाज नुसता किक्-किक्. पहाटे पाचाच्या आधी तो सुरू झाला की आजी म्हणायची, "उठा, वसंतराव आले." शिंजीर नावाचा अंगठ्याएवढा पक्षी पडवीच्या तारेला कोळ्याच्या जाळ्यांचं, वाळक्या पानांचं, कचऱ्याचं लोंबतं घरटं करतो. ते पाडायचं नाही असा घरात नियम होता. दोन वर्षं आम्ही त्या तारेवर धुणं वाळत घातलं नाही.

मार्चच्या अखेरीस कडुनिंब फुलतो. फूल इतकं बारीक की दिसतच नाही, संध्याकाळी अंगणात मध सांडल्यासारखा वास येतो तेव्हा कळतं. आमच्याकडं या वेळी संध्याकाळी पश्चिमेकडून गार वारा सुटतो. दुपारी कितीही तापलेलं असू दे, पाचनंतर बेळगाव माणसात येतं. त्या वाऱ्यावर कडुनिंबाचा वास आला की पाडवा जवळ आला म्हणायचं.

आता मोहोर. भाच्याचा प्रश्न त्याच्यावरच होता. आंब्याच्या फांदीला मोहोर येण्यासाठी रात्री गार लागतात, पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरावा लागतो, आणि दिवस कोरडा लागतो. थंडी पडलीच नाही तर त्या फांदीतून मोहोराऐवजी पालवी फुटते. म्हणजे मोहोर हा मागच्या दोन महिन्यांच्या थंडीचा हिशोब आहे. पुढच्या चार महिन्यांच्या पावसाचं त्याला काय माहीत? मोहोर आल्यावर आभाळ भरलं, धुकं पडलं, की तुडतुडे आणि भुरी त्याच्यावर तुटून पडतात. झाडाखालचा दगडसुद्धा चिकट होतो. आजी रोज सकाळी त्या धुण्याच्या दगडावरून बोट फिरवायची. बोट चिकटलं की दिवसभर तिचं तोंड उतरलेलं. लोणच्याचा सगळा मामला त्या बोटावर ठरायचा. आता विचार करते तेव्हा वाटतं, आजी मोहोर बघून पाऊस सांगायची ही आम्हा मुलांची समजूत. ती मोहोर बघून कैऱ्या सांगायची.

थंडी जाण्याबद्दल मात्र म्हणी पक्क्या. 'होळी जळाली, थंडी पळाली' ही सगळ्या महाराष्ट्राची. आमच्या भिंतीपलीकडं एक कानडी अज्जी राहायच्या, त्या थंडीला पंधरा दिवस आधीच निरोप द्यायच्या: 'शिवरात्रिगे चळि शिव शिव अंत होगुत्ते', म्हणजे शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते. आमची आजी होळीपर्यंत गोधडी काढून ठेवायला तयार नसायची, अज्जी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी कांबळी धुवायला काढायच्या. दरवर्षी दोघींचा भिंतीवरून हा वाद. बेळगावात बहुतेक वेळा अज्जी बरोबर निघायच्या, पण आजी ते कबूल करायची नाही. "मी सांगतो बघ, अजून एक सर्की मारंल थंडी," असं ती म्हणायची. (आमच्या भागातल्या बायका 'मी सांगतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात गेलात की लोक हसतात. हसू देत.)

पाडव्याला मात्र भिंत राहायची नाही. आपला गुढीपाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी. आपण कडुनिंबाची कोवळी पानं, फुलं, गूळ, जिरं, हिंग वाटून गोळी करतो, त्यांच्याकडं बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळच. निंब आमच्या परसातला, गूळ त्यांच्या घरातला. सीमाप्रश्नावर गावात काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यात इथं शिरत नाही. आमच्या कडुनिंबाच्या फांद्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना होत्या एवढंच सांगते.

म्हणींचा खरा गोंधळ मला कळला तो आजोळी. माझी एक आजी शहापूरची, आणि आमची शेती उचगावच्या पुढं, चंदगडच्या वाटेला. दुसरी आजी, आईची आई, निपाणीकडची. बेळगाव ते निपाणी हायवेनं पाऊणशे किलोमीटर, दोन्हीकडं मराठी, तोच जिल्हा. पण दोघी आज्या एका आभाळाखालच्या नव्हत्या. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून साधारण सत्तर किलोमीटरवर बेळगावला बाराशे-तेराशे. आणखी पूर्वेला अथणी-रायबागकडं सरकलात की बेळगावच्या निम्म्यावर. पश्चिमेला भात, मध्ये तंबाखू, भुईमूग, सोयाबीन, पूर्वेला ज्वारी. एका तासाच्या प्रवासात पीक बदलतं, आणि पीक बदललं की म्हणीचा अर्थ बदलतो.

'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. सूर्य स्वाती नक्षत्रात असतो तो काळ २४ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. या दिवसांत पाऊस झाला तर पूर्वेकडच्या काळ्या रानात शाळू असा येतो की कणसातले दाणे मोत्यांसारखे. निपाणीची आजी ही म्हण अगदी हात जोडून म्हणायची. शहापूरच्या आजीसमोर एकदा तिनं ती म्हटली. झालं! "तुमचे मोती पिकतात, आमचं भात कुजतंय," म्हणाली. कारण त्याच दिवसांत आमच्या भागातलं भात कापणीला आलेलं, नाहीतर कापून शेतात पसरलेलं. एक पाऊस, आणि एकाच मांडवात बसलेल्या दोन विहिणी दोन तोंडांना.

त्याहून गमतीची म्हण कुत्र्याची. कुणी म्हणतं 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा', कुणी म्हणतं 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा'. शब्द जवळजवळ तेच, अर्थ उलट. उत्तरा सप्टेंबरच्या मध्याला लागतं, तेव्हा भात पोटऱ्यात असतं, पाणी हवंच असतं. तेव्हा पाऊस झाला तर भात इतकं पिकतं की कुत्रंसुद्धा तोंड फिरवतं. चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमाराला. तेव्हाच्या पावसानं भात लोळतं, दाणा काळा पडतो, वास मारतो, म्हणून कुत्रं खात नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं मोठ्यांना म्हण नीट पाठ नाही. पाठ होती. आम्हाला महिना माहीत नव्हता.

निपाणीच्या आजीला वसंतात पाऊस म्हणजे संकट वाटायचं. माघ-फाल्गुनात तंबाखू कापून रानात वाळत पडलेली असते. वर्षाचा पैसा उघड्यावर. आभाळात ढग दिसला की घरातली पोरंसोरं धरून सगळे रानाकडं धावायचे. निपाणीचा वसंत मला आठवतो तो नाकानं. आंब्याच्या मोहोराचा वास नाही, वखारींतून येणारा तंबाखूचा. नवीन माणूस शिंकत सुटतो. चैत्र म्हणजे तंबाखूला भाव मिळण्याचा, न मिळण्याचा काळ. १९८१ चं तंबाखू आंदोलन, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हायवे अडवून बसलेले हजारो शेतकरी, आणि ६ एप्रिलचा तो गोळीबार, ज्यात १२ शेतकरी गेले, ते याच दिवसांतलं. पाडवा आदल्या दिवशी झाला होता. आजोळी चैत्राचं नाव निघालं की ही आठवण निघाल्याशिवाय राहायची नाही.

शहापूरच्या आजीला मात्र एप्रिल-मेमधला पाऊस हवा असायचा. तो वळीव. दुपारपर्यंत घामानं जीव नको होतो, तीन-चारच्या सुमाराला आभाळ काळंनिळं होतं, वारं सुटतं, टपोरे थेंब, कधी गारा, तासाभरात खेळ खलास. समुद्रावरून आलेली ओल आणि आतल्या मुलखातली तापलेली कोरडी हवा यांची गाठ पडते आणि ढग उभा राहतो. मृगाचा पाऊस पश्चिमेकडून येतो, वळीव बहुधा उलटा, पूर्वेकडून. म्हणून आजी मे महिन्यात पूर्वेच्या भिंतीकडं तोंड करून भाजी निवडायची. हल्ली बातम्यांमध्ये जून आधीच्या प्रत्येक सरीला 'अवकाळी' म्हणतात ते मला पटत नाही. जानेवारीत मोहोरावर पडतो तो अवकाळी. वळवाला त्याची वेळ आहे, तो आपल्याकडं बोलावलेला पाहुणा.

कारण वळवावर आमची नांगरट व्हायची. दोन-तीन वळीव झाले की जमीन नांगरायची, कुळवायची, ढेकळं फोडून माती पिठासारखी करायची, आणि त्या कोरड्या मातीत कुरीनं भात पेरून टाकायचं. ही धूळवाफ पेरणी. बियाणं धुळीत पडून राहतं आणि मृगाच्या सरीनं उगवतं. सगळा डाव वेळेचा. लवकर पेरलं आणि पाऊस लांबला तर बी किड्या-पाखरांच्या पोटात, उशीर केला आणि पाऊस आला तर चिखलात कुरी चालत नाही. कानडी मुलखातही याच दिवसांवर म्हणी आहेत: 'भरणी मळे, धरणी बेळे', भरणीचा पाऊस झाला तर धरणी पिकते. आणि 'रोहिणी मळे बंदरे ओणी तुंबा जोळा', रोहिणीत पाऊस आला तर गल्लीभर जोंधळा. ही दुसरी पूर्वेकडची, ज्वारीवाल्यांची. आमच्या भिंतीपलीकडच्या अज्जी तिकडच्याच.

या सगळ्या म्हणी नक्षत्रांवर का बांधल्या, चैत्र-वैशाखावर का नाहीत, हे मला उशिरा समजलं. आपले महिने चंद्राचे. यंदा पाडवा १९ मार्चला आहे, गेल्या वर्षी ३० मार्चला होता, पुढच्या वर्षी ७ एप्रिलला येईल. यंदा तर ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे दोन ज्येष्ठ. 'ज्येष्ठात पेरा' असं कुणी सांगितलं तर शेतकऱ्यानं कोणत्या ज्येष्ठात पेरायचं? सूर्याचं नक्षत्र मात्र हलत नाही. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, दरवर्षी. ज्यांच्या घरात इंग्रजी कॅलेंडर नव्हतं त्यांनी असं सौर कॅलेंडर पाठ करून ठेवलं होतं, आणि पाठ राहावं म्हणून त्याला माणसांची नावं दिली. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा. सासूचा पाऊस कसा आणि सुनेचा कसा याची वर्णनं आमच्या घरात सांगणाऱ्यावर अवलंबून असायची. (अगदी काटेकोर बोलायचं तर तेही हलतं, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. शिवाजी महाराजांच्या काळी मृग चार-पाच दिवस आधी लागायचा. पण तेवढं कुळवाच्या दोरीला कळत नाही.)

नक्षत्र हे झालं कॅलेंडर. दुसऱ्या जातीचे ठोकताळे म्हणजे बघून सांगायचे. पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडला की पाऊस जवळ. कावळ्यानं घरटं झाडाच्या मध्यावर बांधलं तर पाऊस चांगला, शेंड्यावर बांधलं तर कमी. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाणी जास्त. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. ही विद्या आजकालची नाही. वराहमिहिरानं दीड हजार वर्षांपूर्वी बृहत्संहितेत फुलां-वेलींवरून पिकाचा अंदाज सांगणारा एक अख्खा अध्याय लिहिलाय, आणि हिवाळ्यातल्या ढगांवरून १९५ दिवसांनंतरचा पाऊस सांगायची रीत दिलीय. मराठीत सहदेव-भाडळीच्या नावावर असलेले ठोकताळे खेडोपाडी पाठ असायचे.

यातलं खरं किती? माझं मत सांगते. पावशा ओरडतो कारण त्याचा विणीचा हंगाम असतो. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, आणि सातभाईंची घरटी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत असतात. म्हणजे तो पाऊस सांगत नाही, ऋतू सांगतो. तेवढी खूण शेतकऱ्याला पुरेशी होती: कुरी दुरुस्त करायला टाक, बियाणं उन्हात घाल. बहाव्याचंही तेच. तो एप्रिल-मेमध्ये फुलतो, आणि आपल्याकडं जूनमध्ये पाऊस येतोच, मग दीड महिन्याचं गणित दहा वर्षांतून आठ वर्षं जुळलेलं वाटणारच. कावळ्याच्या घरट्यावर मी एक पैसाही लावणार नाही. आमच्या गल्लीतल्या कावळ्यानं गेल्या वर्षी मोबाईलच्या टॉवरवर घरटं केलं होतं, त्याला मध्य म्हणायचं की शेंडा?

आणि आता तो मे महिना, ज्यानं माझी बोलती बंद केली. २०२५ चा. वळीव आला, सगळ्यांना बरं वाटलं. पण तो थांबेचना. रोज दुपारी आभाळ भरायचं आणि जमीन वाळायची काही संधी मिळेना. आमची शेती आता चुलतभाऊ बघतो. तो रोज सकाळी शेतात जायचा, माती मुठीत धरायचा, गोळा व्हायचा, परत यायचा. "रोहिणी लागू दे, उघडीप देईल," असं तो म्हणत होता, आजीचंच वाक्य. रोहिणी लागते २५ मेला. मान्सून केरळात पोचला २४ मेला, नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर आधी. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. मुंबईत तर २६ मेला, जिथं त्याची नेहमीची तारीख ११ जून. उघडीप मिळालीच नाही. धूळच नाही तर धूळवाफ कशी? शेवटी भावानं जमेल तसा तरवा टाकला, पुढं चिखल करून रोपलावण केली. माणसं मिळेनात, मिळाली तर मजुरी परवडेना, एका तुकड्यात काहीच लावलं नाही.

गणपतीत तो घरी आला तेव्हा म्हणाला, "आक्का, आजीचा मिरग गेला. आता कशावर पेरायचं सांग." तो रागानं म्हणाला नव्हता. खरंच विचारत होता. मोबाईलवरचा अंदाज तो बघतोच, चार-पाच दिवसांचा चांगला असतो असं त्याचंच म्हणणं. पण धूळवाफीचा निर्णय चार दिवसांचा नसतो. नांगरट, बियाणं, माणसं, सगळं महिनाभर आधी जुळवावं लागतं. तिथं त्याला आजीचं काहीतरी हवं होतं, आणि आमच्याकडं फक्त म्हणी उरल्या होत्या.

भाच्याच्या फोननंतर मी माळ्यावरची आजीची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली जुनी कालनिर्णयं होती. कालनिर्णय निघालं १९७३ साली. आमच्या घरात कधीपासून आलं माहीत नाही, पण ट्रंकेत मला सोळा वर्षांची सापडली, मधली कितीतरी गायब. आजी चौथी शिकलेली. प्रत्येक चौकटीत पेन्सिलीनं दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर, कुणाचं बाळंतपण, आणि मधूनच एखादा शब्द. 'कोकिळ.' 'वळीव, गारा.' 'लिंब फुलला.' 'दगड चिकट.' एका मे महिन्याच्या चौकटीत नुसतं 'पावशा, पण वारं नाही.' एका जूनमध्ये 'मिरग कोरडा. बी ठेवलं.'

ती शेवटची नोंद मी तीन-चार वेळा वाचली. म्हणजे आजीनं त्या वर्षी मृगाच्या भरवशावर पेरलं नव्हतं. नक्षत्र लागलं, म्हण होती, पावशाही ओरडला असेल, पण वारं पश्चिमेकडून वळलं नव्हतं म्हणून बियाणं राखून ठेवलं. आम्ही पाठ केली ती म्हण. आजी म्हण पाठ करून वर आभाळ बघत होती, दगडावर बोट फिरवत होती आणि खोटं ठरलं तर तेही लिहून ठेवत होती. मधली वर्षं गायब असल्यामुळं त्या चौकटींवरून हवामान किती बदललं असं काही सिद्ध करता येणार नाही, मी तसा प्रयत्नही करत नाही.

पण हेच काम जगात काही घरांनी न सोडता केलं. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ सालापासून आपल्या आवारातल्या वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली. पहिलं फूल, पहिलं पान, पहिली कोकीळ. त्याच्यामागं त्याच्या घरातल्या पुढच्या पिढ्या लिहीत राहिल्या, थेट १९५८ पर्यंत. आज तिथले शास्त्रज्ञ त्या वह्या उघडून झाडं किती लवकर पालवायला लागली ते मोजतात. जपानात क्योतोच्या चेरी फुलण्याच्या तारखा तर बाराशे वर्षांच्या आहेत. त्यात २०२१ चा बहर, २६ मार्चचा, तोवरचा सगळ्यांत लवकरचा निघाला. आपल्याकडं भारतात सरासरी कमाल तापमानाच्या हिशोबानं २०२३ चा फेब्रुवारी १९०१ पासूनचा सर्वांत गरम ठरला, हे हवामान खात्यानं सांगितलं. त्या फेब्रुवारीत आमच्या परसातला आंबा कसा वागला? मला आठवत नाही. मी लिहिलंच नव्हतं.

भारतातही अशी एक खटपट चालू आहे. सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात कुणीही आपल्या दारातलं एक झाड निवडायचं आणि आठवड्याला एकदा बघून कळवायचं: कोवळी पानं आहेत का, फुलं, फळं किती. शाळेतली मुलं करतात. आंबा, फणस, चिंच, बहावा ही सगळी आपली झाडं त्यात आहेत. भाच्याला मी हे कळवलं. त्याचा प्रश्न, "मावशी, बाराव्या मजल्यावर झाड कुठलं?" मी म्हटलं, खाली पार्किंगपाशी काय आहे बघ. दोन दिवसांनी फोटो आला. बहावा आहे. अजून शेंगा लोंबताहेत, फूल नाही. त्याला वाटलं होतं ते वाळलेलं झाड आहे, तोडायला सांगणार होता सोसायटीला!

आता त्याचा दर रविवारी फोटो येतो. पावसाचा प्रश्न त्यानं परत विचारलेला नाही.

चुलतभावाला मी आजीच्या 'मिरग कोरडा. बी ठेवलं.' या चौकटीचा फोटो पाठवला होता. तो काही बोलला नाही. यंदा मात्र त्यानं दोन्ही तयारी ठेवायचं ठरवलंय: अर्ध्या रानात धूळवाफ जमली तर धूळवाफ, अर्ध्यासाठी तरव्याची जागा आतापासून राखून ठेवलीय, आणि एका घरच्या माणसांशी लावणीचं बोलून ठेवलंय. काल रात्री त्याचा फोन आला. "तुमच्याकडं पावशा ओरडला काय?"

"नाही अजून."

"आमच्याकडं आज ओरडला. सकाळी, ओढ्याकडं."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयापाशी गेले. दुधाच्या हिशोबाखाली बोटभर जागा होती. पेन्सिल सापडेना, शेवटी पेननंच लिहिलं: 'पावशा, शेतावर. वारं अजून नाही.'